सुतळी सोडण्याआधी विचारा : संगणकांची देखभाल करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत वार्षिक कराराने संगणकांची देखभाल करणाऱ्या सेवाकेंद्रांचे चालक आणि व्यवस्थापक

स.न.वि.वि.

मी नौपाड्यात गेली सत्तावीस वर्षं अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळीत दोन-तीन अंक आणि वर्षाकाठी एखाददुसरं पुस्तक. दुकान दहा बाय बाराचं, त्यात संगणक दोन. एक मेल, जीएसटी आणि बँकेसाठी. दुसरा कामाचा. त्या कामाच्या मशीनवर माझं पोट आहे.

तुमच्यापैकी एका केंद्राशी माझा करार होता. त्याचं नाव इथे घेत नाही, त्यांना वेगळं लेखी कळवलं आहे. हे पत्र सगळ्यांना लिहिते, कारण गेल्या तीन महिन्यांत ज्या ज्या ओळखीच्या दुकानदाराशी बोलले, त्याच्याकडून याच जातीची एक तरी हकिगत ऐकायला मिळाली.

झालं ते असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट थांबले. तारीख बरीच आधीपासून जाहीर होती, तरी दिवाळीच्या तोंडावर तुमच्याकडे फोनांची रीघ लागली असणार, हे मी समजू शकते. शनिवारी, २५ ऑक्टोबरला, मी भाऊबीजेसाठी गेलेली माहेरी, रोह्यालाच होते. करारातली तिमाही भेट म्हणून तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा दुकानात आला. भाच्याने शटर उघडून दिलं. दोन तासांत काम उरकून तो गेला, भाच्याने कागदावर सही केली. कागदावर लिहिलं होतं : 'क्लीनिंग, अपडेट, ओके'.

सोमवारी सकाळी मशीन चालू केलं तर खालची चिन्हं डावीकडून मधोमध आलेली. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे यूएसबीत खोचायची ती छोटी कांडी, तिचा दिवा लागेना. ए-३ चा लेझर प्रिंटर यादीतच दिसेना. समोर खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, वडिलांच्या उत्तरकार्याची पत्रिका करायला आलेले. बारावं गुरुवारी होतं. मी दोनदा मशीन बंद-चालू केलं, लॉक काढून दुसऱ्या खाचेत घातलं, मागच्या खाचेत घातलं. शेवटी त्यांना गोखले रोडवरच्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. सत्तावीस वर्षांत शोकपत्रिकेचं काम मी परत पाठवलं नव्हतं.

तुमचा मुलगा बुधवारी आला. चांगला मुलगा आहे. दिव्याहून येतो, पाठीला सॅक, दिवसाला कितीतरी ठिकाणं करतो. "ताई, विंडोज ११ वरून मागे १० वर नेऊन देतो, पाऊण तासाचं काम," म्हणाला. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथलं 'गो बॅक'. दाबलं, आणि निरोप आला की हा पर्याय या संगणकावर आता उपलब्ध नाही. तो पडद्याकडे बघत राहिला. चौथाच दिवस होता, मुदत संपलेली नव्हती. मग त्याला आठवलं, आणि मला सांगताना त्याचा आवाज खाली गेला. शनिवारची सफाई त्यानेच केली होती.

मला तोवर यातलं काही ठाऊक नव्हतं. नंतर विचारून, वाचून जे कळलं ते इथे लिहिते, कारण हे पत्र तुमची गिऱ्हाइकंही वाचणार आहेत. विंडोज १० वरून ११ वर जाताना जुनी सिस्टिम लगेच पुसली जात नाही. ती सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवलेली असते. तो फोल्डर आहे तोवर 'गो बॅक' चालतं. आपल्या फायली जागच्या जागी राहतात, आधीचे प्रोग्रॅम जसेच्या तसे परत येतात. मधल्या दिवसांत नवा प्रोग्रॅम टाकला असेल किंवा सेटिंग बदललं असेल तर तेवढंच जातं. यासाठी मुदत दहा दिवसांची. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा हीच मुदत तीस दिवसांची होती, २०१६ च्या मोठ्या अपडेटपासून ती दहावर आली. दहा दिवस सरले की सिस्टिम तो फोल्डर आपणहून काढून टाकते. आणि त्याआधी कोणी डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' पुढे खूण करून ओके म्हटलं, तर तो तिथल्या तिथे जातो. माझी डिस्क एकशेवीस जीबीची. अपग्रेडनंतर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, मुलाने हाताच्या सवयीने सफाई मारली. मला पुढे नेणं आणि मागची वाट बुजवणं, दोन्ही एकाच दुपारी, दोन्ही मला न विचारता.

माझे वडील जांभळी नाक्याजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळ्यांचा काळ, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं हाताने जुळवून पान बांधायचं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. छापून झालेलं पान ते लगेच सोडत नसत. चारी बाजूंनी सुतळी आवळायची, वर चिठ्ठी लावायची आणि पान फळीवर ठेवायचं. केसमधले, म्हणजे खणांच्या पेटीतले, खिळे संपत आले, पुढचं काम अडलं, तरी मालकाने 'सोडा' म्हटल्याशिवाय सुतळी सोडायची नाही, हा तिथला नियम. दुसरी आवृत्ती निघेल, एखादं नाव चुकलेलं सापडेल, काही सांगता येत नाही. तुमच्या मुलाने मला तो फोल्डर समजावून सांगितला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती फळीच आली. जागा अडते हे खरं. पण सोडायचं की नाही, हे ज्याचं पान आहे त्याने सांगायचं.

गुरुवारी मशीन तुमच्या वर्कशॉपला गेलं. दुपारी फोन आला : "मॅडम, फॉरमॅट मारून विंडोज १० टाकावं लागेल. डेटा काढून घेतो." मी म्हटलं, "सगळं काढून घ्या आणि मग करा." ही परवानगी मी दिली, ती मी नाकारत नाही. पण माझ्या 'सगळं'मध्ये आणि तुमच्या 'डेटा'मध्ये किती अंतर आहे, ते शनिवारी मशीन परत आलं तेव्हा कळलं. तुम्ही डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचललं होतं. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात, ते गेले. माझ्या बोटांच्या सवयीप्रमाणे बसवून घेतलेला कळफलक गेला. पत्रिकांचे सोळा वर्षांत जमवलेले साचे फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये होते, तेही गेले. सॉफ्टवेअरची सीडी माझ्याकडे आहे, पण तिच्यावर इतके ओरखडे आहेत की अर्ध्यावर वाचन थांबतं. आणि जिथून ती घेतली ते दुकान आता नाही.

जो हे काम करत नाही त्याला वाटेल, फॉन्टच ना, दुसरा लावा. युनिकोडचं तसं असतं. तिथे देवनागरीला स्वतःची जागा आहे, 'क' चा क्रमांक कुठल्याही मशीनवर 'क' चाच असतो. आमच्या जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे आकार बसवले होते, आणि कुठल्या जागी कुठला आकार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फायलीत खरं तर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं असतात. फॉन्ट आहे तोवर ती मराठी दिसतात. फॉन्ट गेला की मजकूर जागेवर असतो, एक अक्षरही कमी झालेलं नसतं, आणि एकही शब्द वाचता येत नाही.

त्या डेस्कटॉपवर एक फाइल होती, १८६ पानांची. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजींनी आयुष्यभर लग्नांत धवलारीण म्हणून जे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायले, ते आठवून आठवून नातीकडून वहीत उतरवून घेतले होते. नात वही घेऊन माझ्याकडे आली. पहिल्या प्रुफात मी काय केलं होतं, तर हाताच्या सवयीने 'पानी'चं 'पाणी' आणि 'डोले'चं 'डोळे' करून टाकलं होतं. पानोपानी. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी नातीला शेजारी बसवून पेन्सिलीने एकेक 'ण' चा 'न' करून घेतला, एकेक 'ळ' चा 'ल'. "आमी जसा बोलतो तसा लिव," एवढंच मला म्हणाल्या. दुसऱ्या प्रुफात सुटलेले शब्द त्यांनी तिसऱ्यात पकडले. तिसऱ्या प्रुफाच्या दुरुस्त्या मी धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मशीनवर पूर्ण केल्या. पीडीएफ करायची राहिली होती. ती दिवाळीनंतर करणार होते.

शनिवारी ती फाइल उघडली, तर पहिल्या पानावर, जिथे आजींच्या सासूबाईंचं नाव होतं तिथे, एक कंस, दोन इंग्रजी अक्षरं, टक्क्याची खूण आणि एक रिकामा चौकोन.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम असतात, तेही करून पाहिलं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलटं. असे सगळे नियम त्या प्रोग्रॅमला फॉन्टागणिक सांगावे लागतात, आणि माझ्या फॉन्टाचा नकाशा त्यात नव्हता. डोंबिवलीच्या एका ओळखीच्या दुकानातून त्याच मालिकेतला पुढचा फॉन्ट आणला, त्यावर निम्मं जमलं. जोडाक्षरं विस्कटली ती विस्कटलीच. शेवटी पेन्सिलीच्या खुणा असलेलं कागदी प्रूफ समोर ठेवून युनिकोडमध्ये पहिल्यापासून टाइप करायला घेतलं आहे. कागद राहिला म्हणून हे तरी शक्य आहे.

आता माझ्या तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी ही, की तुम्ही विचारत नाही. सिस्टिम बदलणं म्हणजे पंख्यावरची धूळ झाडणं नव्हे. गिऱ्हाइकाचं रोजचं काम कशावर चालतं, कुठलं लॉक आहे, कुठला जुना प्रिंटर आहे, हे तीन प्रश्न फोनवर विचारले असते तरी माझं मशीन तुम्ही हात न लावता सोडलं असतंत. माझे दीर तुर्भ्याला बाजार समितीत गाळ्यावर असतात. तिथे बिल तीन प्रतींत लागतं, म्हणून अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, कार्बनचा कागद लावून. त्यांच्याकडेही असंच 'अपडेट' झालं आणि ऐन सकाळी, गाड्या लागलेल्या असताना, प्रिंटर मुका झाला. चार दिवस त्यांनी हाताने बिलं फाडली. त्यांच्याकडे निदान तो फोल्डर शिल्लक होता, सातव्या दिवशी कोणीतरी जाणत्याने मागे नेऊन दिलं आणि सगळं पहिल्यासारखं चालू झालं. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की त्यांच्या मशीनवर सफाई झाली नव्हती.

याच तक्रारीचा आणखी एक पदर आहे. माझं मशीन २०१६ सालचं, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे माझं मशीन त्या यादीत बसतच नव्हतं. तपासणी चुकवून ते त्यावर चढवलं गेलं. असं चढवता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते. सुरक्षिततेसाठी अपग्रेड केलं असं तुम्ही मला फोनवर सांगितलंत. मग ही हमी नसल्याचंही त्याच फोनवर सांगायला हवं होतं.

दुसरी तक्रार मुदतीची. दहा दिवस हा शब्द तुमच्या तोंडून मी अपग्रेडच्या दिवशी ऐकला नाही, नंतरही नाही. डॉक्टर टाके घालतात तेव्हा कधी काढायचे ते सांगतात. बेलापूरच्या माझ्या एका मैत्रिणीचं क्लासचं मशीन तुम्ही बदललंत, तिला अडचण कळली बाराव्या दिवशी, कारण मधे सहामाही परीक्षेची सुट्टी होती. दोन दिवस उशीर, आणि तिच्यापुढे फॉरमॅटशिवाय वाट उरली नाही. ही मुदत वाढवताही येते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडायची, डिझम नावाच्या आज्ञेची एक ओळ लिहायची, दहाचे साठ दिवस होतात. फक्त ती ओळ तो फोल्डर जायच्या आत लिहावी लागते. ज्याने मला हे सांगितलं तो तुमच्याच धंद्यातला आहे, त्याने ती ओळ माझ्यासमोर लिहून दाखवली. अर्धं मिनिट लागलं नाही.

तिसरी तक्रार 'डेटा' या शब्दाची. तिच्याबद्दल वर सांगितलंच. एवढंच जोडते, की फॉरमॅटच्या आधी काय काय उचललं याची यादी मला कोणी दाखवली नाही. ती दाखवली असती तर 'फॉन्ट कुठे आहेत?' हा प्रश्न मी त्याच क्षणी विचारला असता, आणि अठरा-वीस एमबीचा तो फोल्डर एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवरही मावला असता.

चौथी पैशांची. परत विंडोज १० टाकायचे सहाशे रुपये तुम्ही घेतलेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मेहनत आहे. पण 'नवीन की' म्हणून वर बाराशे घेतलेत. माझं मशीन आलंच होतं विंडोज १० घेऊन. त्याचा परवाना मशीनच्या अंगाशी नोंदलेला असतो, तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेटला जोडलं की ती आपोआप चालू होते. नवी की लागतच नाही. हे मला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत असायला हवं होतं. काही ठिकाणी तर बनावट चावीने चालू केलेली प्रत टाकून पैसे घेतले जातात, असंही ऐकते. माझ्याकडे तसं झालेलं नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

वाशीच्या एका सीए बाईंची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्यांच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाने, बंद केलेली होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मागची सिस्टिम टाकण्यासाठी कोणीतरी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट नावाचं सेटिंग बदललं, आणि मशीनने अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागितली. ती त्यांच्या जुन्या ईमेलच्या खात्यात सापडली म्हणून निभावलं. त्या खात्याचा पासवर्ड आठवेपर्यंतचा दीड दिवस त्या जेवल्या नाहीत, असं त्यांच्या यजमानांनी सांगितलं. रिटर्न भरायचे दिवस होते.

मागे जाणं हाच नेहमी योग्य उपाय, असं माझं म्हणणं नाही. बहुतेकांनी पुढेच जावं. ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं ते अपडेट न मिळणाऱ्या सिस्टिमवर ठेवू नये, हे मला पटलेलं आहे. माझं दुसरं मशीन विंडोज ११ वरच आहे, नवं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्यांना लगेच बदलता येत नाही, त्यांना घरगुती मशीनसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० चे सुरक्षा-अपडेट घेता येतात, हेही तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकांना सांगत नाही. माझं कामाचं मशीन आता इंटरनेटला जोडलेलंच नाही. मजकूर पेनड्राइव्हने जातो-येतो, तो आधी नव्या मशीनवर तपासून. हा तोडगा मला तुमच्यापैकी कोणी सुचवला असता तर २५ ऑक्टोबरला माझ्या मशीनला कोणी हात लावलाच नसता.

आणि ज्या मुलाच्या हातून हे झालं, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला एका ठिकाणी फार तर दोन तास मिळतात, प्रवास वेगळा. दिवसाच्या शेवटी किती ठिकाणं झाली ते मोजलं जातं, गिऱ्हाइकाशी किती बोलला ते कोणी मोजत नाही. नंतर तो स्वतःच्या रविवारी येऊन हरवलेले फॉन्ट परत मिळतात का ते बघत बसला होता. एसएसडीवर पुन्हा लिहिलं गेलं होतं, मिळाले नाहीत. कृपा करून हे पत्र वाचून त्याच्या पगारातून काही कापू नका.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सिस्टिमची आवृत्ती बदलण्याआधी गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्या. व्हॉट्सॲपवरचा 'हो' चालेल, पण तो मालकाचा हवा, दुकान उघडून देणाऱ्याचा नको. संमती मागताना हे मशीन नव्या सिस्टिमच्या यादीत बसतं की नाही, ते स्पष्ट लिहा.

जिथे लॉक, जुना प्रिंटर, डिजिटल सहीची कांडी, वजनकाटा किंवा एखादं यंत्र संगणकाला जोडलेलं आहे, तिथे आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. त्याचे वेगळे पैसे घ्या, आम्ही देऊ. ती इमेज असली की फॉन्ट, लॉक, साचे, सगळं होतं तसं परत आणता येतं.

अपग्रेड झाल्यावर परतीची शेवटची तारीख मशीनवर चिकटवा. हवं तर सर्व्हिसिंगची तारीख गाडीच्या काचेवर चिकटवतात तशी. गिऱ्हाइकाने सांगितलं तर मुदत साठ दिवसांची करून द्या. आणि विंडोज डॉट ओल्डला हात लावण्याआधी विचारा. डिस्क भरली असेल तर भरली आहे म्हणून सांगा, मोठी डिस्क घ्यायची की फोल्डर सोडायचा, ते आम्ही ठरवू.

फॉरमॅट करण्याआधी काय उचललं त्याची यादी दाखवा आणि त्यावर सही घ्या. बिटलॉकर चालू असेल तर त्याची की कागदावर उतरवून गिऱ्हाइकाच्या हातात द्या, मगच बायोस उघडा. परवान्याचे पैसे घेण्याआधी मशीनचा स्वतःचा परवाना चालतो का, ते बघा. भेटीच्या कागदावर 'ओके' लिहू नका, काय केलं ते लिहा.

आणि तुमच्या मुलांना वेळ द्या. ही मागणी माझ्या अधिकारातली नाही, तरी करते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेबद्दलची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक माझ्या टेबलावर लिहिलेला आहे. तो अजून फिरवलेला नाही. ज्या केंद्राशी माझा करार होता, त्यांच्याकडे मी बाराशे रुपये परत मागितले आहेत आणि १८६ पानं पुन्हा टाइप करण्याची नेहमीच्या दराने होणारी मजुरी मागितली आहे. आजींकडून दुसऱ्यांदा पैसे घेणं मला शक्य नाही. महिनाअखेरपर्यंत उत्तराची वाट बघेन.

बाकीच्यांनी या मागण्यांपैकी काय मान्य आहे आणि काय नाही, ते आपापल्या गिऱ्हाइकांना लेखी कळवावं, आणि पुढच्या करारात तशी कलमं घालावीत. माझ्याशी बोलायचं असेल तर दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं. दुपारी तीन ते पाच तेवढे सोडून या. त्या वेळी आजी शेजारच्या खुर्चीवर असतात, मी वाचते आणि त्या ऐकतात. आज पान ९४ वर आहोत.

आपली,
नौपाड्यातली एक अक्षरजुळणी करणारी
ठाणे, जानेवारी २०२६